अळीचे पाय मोजावेत, मगच बाटली उघडावी

मुळा-मोहरीवरील काळ्या अळीची ओळख आणि ज्येष्ठांच्या आरोग्याशी असलेले तिचे नाते

थंडीची चाहूल लागली की गच्चीवरच्या कुंड्यांत आणि परसातल्या लहानशा वाफ्यांत मुळा, मोहरी, नवलकोल यांची कोवळी रोपे डोलू लागतात. निवृत्तीनंतर बागकामात मन रमवणाऱ्या अनेक ज्येष्ठांचा सकाळचा पहिला तास या रोपांच्या सहवासातच जातो. मग एके दिवशी पानांना भोके पडलेली दिसतात. आठवडा उलटतो न उलटतो तोच हिरव्यागार पानाच्या जागी शिरांचा नुसता सांगाडा उरतो. पान उलटून पाहावे तर एखादी काळपट, सुरकुतलेली अळी टपकन मातीत पडते आणि अंगाचे वेटोळे करून निपचित होते.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. कोणीतरी लगबगीने बाजारातून कीटकनाशकाची बाटली आणते आणि ज्या रोपाचा पाला दोन दिवसांनी भाजीसाठी खुडायचा, त्याच रोपावर अंदाजाने औषध फवारले जाते. फवारणारे हात पुष्कळदा सत्तरीतले असतात. तोंडावर रुमाल नसतो, हातात मोजे नसतात आणि बाटलीवरची बारीक अक्षरे वाचण्यापुरती दृष्टीही साथ देत नसते. पानावर बसलेला जीव कोणता आहे, हे मात्र तोवर कोणी पाहिलेलेच नसते. त्याची ओळख पाच मिनिटांत पटते, आणि ती पटली की बहुतेक वेळा त्या बाटलीची गरजच उरत नाही.

माशी म्हणावी, तर माशी नव्हे

मुळा-मोहरीवरची ही काळी अळी ज्या कीटकाची असते, त्याला इंग्रजीत ‘मस्टर्ड सॉफ्लाय’ म्हणतात. मराठीत तिला करवती माशी म्हणता येईल. शास्त्रीय नाव ‘अथालिया प्रॉक्झिमा’. नावात माशी असली तरी घरात घोंघावणाऱ्या माशीशी तिचे नाते दूरचेच आहे. मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी ज्या गणात मोडतात, त्याच गणातली ही. मात्र ती दंश करीत नाही. मादीच्या शरीराच्या टोकाशी करवतीसारखे दातेरी अवयव असते. त्याने ती पानाची कड चिरते आणि त्या चिरेत अंडी घालते. नावातली करवत ती हीच.

प्रौढ माशी सुमारे एक सेंटिमीटर लांबीची, नारिंगी-पिवळसर अंगाची आणि धुरकट पंखांची असते. ती पाने खात नाही. पाने फस्त करते ती तिची अळी. ऑक्टोबर ते मार्च हा या किडीचा हंगाम. तीन-चार आठवड्यांच्या कोवळ्या रोपांवर तिचा विशेष रोख असतो. पूर्ण वाढलेली अळी दीड ते पावणेदोन सेंटिमीटर लांब, हिरवट काळी आणि अंगावर आडव्या सुरकुत्या असलेली दिसते. पाठीवर लांबीच्या दिशेने पाच काळे पट्टे असतात. वाढ पूर्ण झाली की ती मातीत उतरते आणि स्वतःभोवती कोश विणून घेते. काही काळाने त्यातून नवी माशी बाहेर पडते.

ही व्याधी केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात सलगमाची शेते उजाड करणाऱ्या अशाच काळ्या अळीचे वर्णन विल्यम मार्शल यांनी १७८३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केले होते. ती अळी आपल्या करवती माशीच्या युरोपीय बहिणीची.

पहिला नियम केसांचा, दुसरा पायांचा

पानावर कोणतीही अळी दिसली की सर्वप्रथम दुरून एकच गोष्ट पाहावी. तिच्या अंगावर केस अथवा काटे आहेत काय? असतील, तर पुढचे काहीही तपासायला जाऊ नये आणि हात मुळीच लावू नये. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर घोळक्याने दिसणारे सुरवंट, किंवा एरंड, आंबा, नारळ यांच्या पानांवरच्या चपट्या, हिरव्या, काटेरी अळ्या यांच्या स्पर्शाने अंगाची आग होते आणि पुरळ उठते. वय वाढते तशी त्वचा पातळ होते. अशा त्वचेला ही बाधा अधिक त्रासदायक ठरते.

अंग गुळगुळीत वा सुरकुतलेले, पण बिनकेसांचे असेल तर दुसरा नियम लावावा. अळीचे पाय मोजावेत.

प्रत्येक अळीला डोक्यामागे लगेच तीन जोड्या खऱ्या पायांच्या असतात. ते बारीक, सांधे असलेले आणि टोकदार असतात. त्यांच्यामागे पोटाखाली मऊ, मांसल, खुंट्यांसारखे आधाराचे पाय असतात. ओळखीची सारी किल्ली या मांसल पायांत आहे. फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्यांना त्यांच्या सर्वसाधारणपणे पाच जोड्या असतात. काहींना याहून कमी असतात, पण जास्त क्वचितच. करवती माशीच्या कुळात पाने खाणाऱ्या अळ्यांना त्यांच्या सहा ते आठ जोड्या असतात. मोहरीवरच्या अळीला आठ. म्हणजे फुलपाखराच्या अळीला सगळे मिळून फार तर सोळा पाय, आणि मोहरीवरच्या करवती अळीला बावीस!

पाय नेमके मोजता आले नाहीत तरी मधली मोकळी जागा पाहावी. फुलपाखराच्या अळीत पुढचे खरे पाय आणि मागचे मांसल पाय यांच्यामध्ये दोन किंवा अधिक वलये बिनपायांची असतात, त्यामुळे पोटाखाली स्पष्ट पोकळी दिसते. करवती अळीत असे एकच वलय मोकळे असते. म्हणून तिच्या पोटाखाली पायांची जवळजवळ सलग रांग लागलेली दिसते.

तिसरी खूण डोक्याची. करवती अळीचे डोके गोलसर असून दोन्ही बाजूंना एकेकच ठळक डोळा असतो, टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. फुलपाखरांच्या अळ्यांना प्रत्येक बाजूला अनेक सूक्ष्म डोळ्यांचा पुंजका असतो, तो भिंगाखेरीज सहसा दिसत नाही.

अधू दृष्टीला साहाय्य

मोतीबिंदू, मधुमेहामुळे मंदावलेली दृष्टी किंवा नुसता चाळिशीचा चष्मा असतानाही ही तपासणी करता येते. पांढरी बशी किंवा जाड पांढरा कागद रोपाखाली धरून पान हलके झटकावे. अळी त्यावर पडली की पांढऱ्यावर काळे उठून दिसते. सुरुवातीला ती वेटोळे करून मेल्याचे सोंग घेईल. मिनिटभर थांबावे. ती उलगडून चालू लागली की बाजूने पाहावे, म्हणजे पाय मोजता येतात. हातात भिंग धरणे अवघड असेल, हात थरथरत असेल, तर घरातल्या तरुणाने मोबाईलवर बाजूने छायाचित्र काढून ते मोठे करून दाखवावे. आजोबांनी वेळ आणि धीर द्यावा, नातवाने डोळे द्यावेत. दोघांनाही हा खेळ आवडतो.

अळी उचलण्यासाठी जुना मऊ ब्रश किंवा चमचा वापरावा. संधिवाताने बोटे आखडलेली असतील तर चिमट्यापेक्षा चमचा सोयीचा. करवती अळी चावत नाही आणि तिच्या अंगावर खाज आणणारे केसही नसतात. पण तिच्या युरोपीय बहिणीच्या अभ्यासातून असे दिसले आहे की ही अळी मोहरीवर्गीय पानांतली तिखट द्रव्ये आपल्या अंगात साठवते आणि दुखावल्यास अंगातून द्रवाचा थेंब सोडते. म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याआधी डोळे चोळू नयेत.

तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर

सगळ्या भोकांचा दोष एकाच अळीवर ठेवणे बरोबर नाही. मोहरी, मुळा, नवलकोल, कोबी, फ्लॉवर या एकाच कुळातल्या वनस्पतींवर ही करवती अळी जगते. मेथी किंवा पालक खाल्लेला दिसला तर अपराधी दुसराच आहे, असे निःशंक समजावे.

कोबीवर्गीय भाज्यांवर तिच्याबरोबर आणखी काही पाहुणे असतात. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी लहान, फिकट हिरवी असते. स्पर्श होताच ती वळवळत मागे सरते आणि धाग्याने पानाला लोंबकळते. उंट अळी पाठीला कमान करून चालते, कारण तिला मधले पायच नसतात. सर्वांत फसवी ती तंबाखूवरील पाने खाणारी अळी. तीही काळपट, गुळगुळीत, दिवसा मातीत लपणारी आणि स्पर्श होताच वेटोळे करणारी. हिच्या बाबतीत रंगावर किंवा वागण्यावर विसंबून चालत नाही. येथे पायच मोजावे लागतात. आणि पाने चाळणीसारखी बारीक भोकांनी भरली असून जवळ जाताच टुणकन उड्या मारणारे इवलेसे चकचकीत जीव दिसले, तर ते भुंगेरे समजावेत.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या रोपावरची पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवीगार होणारी अळी ही तर सुंदर फुलपाखराची. तिला डिवचले की डोक्यामागून लालसर नारिंगी दुभंगलेले शिंग बाहेर येते. झाड मोठे असेल तर चार पाने तिला द्यावीत. त्या बदल्यात फुलपाखराचा जन्म डोळ्यांनी पाहायला मिळतो.

ओळख चुकली तर काय बिघडते?

पहिला तोटा पैशाचा आणि श्रमाचा. सेंद्रिय बागेसाठी ‘बीटी’ या नावाने मिळणारी जिवाणूजन्य पावडर अनेकजण विश्वासाने वापरतात. तिचा नेहमी मिळणारा प्रकार फुलपाखरांच्या व पतंगांच्या अळ्यांवरच परिणाम करतो. करवती अळीवर तो लागू पडत नाही. मग ‘सौम्य औषधाने काही होत नाही’ असे वाटून मनुष्य अधिक जहाल औषधाकडे वळतो.

दुसरा तोटा आरोग्याचा, आणि तो गंभीर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती माणसे धडधाकट होती आणि उघड्या रानात काम करीत होती. घराच्या बंदिस्त गच्चीवर किंवा सज्जात, वाऱ्याची दिशा न पाहता फवारणाऱ्या वयोवृद्धाला धोका कमी असतो, असे मानण्याला काहीच आधार नाही.

कीटकनाशकांतील ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातली द्रव्ये आपल्या मज्जासंस्थेतील कोलिनेस्टरेज या विकराचे काम रोखतात. घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहणे, बाहुल्या बारीक होणे, उलट्या, जुलाब, स्नायूंचे फडफडणे, श्वास लागणे ही त्यांच्या बाधेची लक्षणे. स्मृतिभ्रंशासाठी दिली जाणारी डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन ही औषधेही याच विकरावर काम करतात. ती घेणाऱ्या व्यक्तीला अशा फवारणीपासून कटाक्षाने दूर ठेवावे. मात्र त्या भीतीने डॉक्टरांनी दिलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण हाही एक इशाराच असतो. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची बाटली घरगुती भाजीच्या वाफ्यासाठी घरात आणूच नये. कोणतेही कीटकनाशक सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नये. विसरभोळेपण आलेल्या व्यक्तीच्या आणि लहान मुलांच्या घरात ही चूक जिवावर बेतते.

विषाविना बंदोबस्त

ओळख पटल्यानंतर या अळीचा बंदोबस्त सोपा आहे, कारण तिच्या सवयी ठरलेल्या आहेत. ती सकाळी आणि संध्याकाळी पानांवर असते, भर दुपारी लपून बसते, आणि धक्का लागताच खाली पडते. त्याचा उपयोग करून घ्यावा.

सकाळी कोवळ्या उन्हात आणि सायंकाळी पसरट भांड्यात साबणाचे पाणी घ्यावे, ते रोपाखाली धरून पाने हलकेच झटकावीत. अळ्या पाण्यात पडतात. चार-पाच कुंड्यांसाठी दहा मिनिटे पुरतात. आठवडाभर हा नेम ठेवला तर प्रादुर्भाव आटोक्यात येतो. रोपे लहान असताना वाफ्याला भरपूर पाणी दिल्यास मातीत दडलेल्या अळ्या बुडून मरतात. कुंडीत मात्र पाणी साचू देऊ नये. हंगाम संपल्यावर माती खालीवर करून उन्हात तापवावी, म्हणजे कोश उघडे पडतात आणि साळुंक्यांना, दयाळांना ते टिपता येतात. त्याच कुंडीत दरवर्षी मुळा-मोहरी न लावता मेथी किंवा पालक घेतला, तर नव्या पिढीला आयते खाद्य मिळत नाही.

याउपर काही फवारायचेच असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क घ्यावा. पन्नास ग्रॅम सुकलेल्या निंबोळ्या कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून एक लिटर पाणी पुरे करावे आणि किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावे. हा अर्क झाडासाठी आहे, पोटात घेण्यासाठी नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत तसे लिहून ठेवावे. कारल्याच्या बियांच्या तेलाचे पातळ मिश्रण फवारल्यासही ही अळी पाने खाणे टाळते, असा कृषी तज्ज्ञांचा सल्ला आहे. फवारलेला पाला खुडण्याआधी काही दिवस जाऊ द्यावेत आणि वाहत्या पाण्यात नीट धुऊन मगच वापरावा.

अळी ओळखता येत नसेल, तर छायाचित्र घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. तेथे मराठीतून उत्तर मिळते.

काळजीवाहकांसाठी थोडेसे

पाने तपासायची तर वाकावे लागते आणि वाकलेला मनुष्य झटकन उठला की भोवळ येते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना तर विशेष. म्हणून कुंड्या कमरेइतक्या उंचीच्या चौथऱ्यावर किंवा टेबलावर ठेवाव्यात, शेजारी हातांची खुर्ची असावी. फरशीवर सांडलेले साबणाचे पाणी लगेच पुसावे. अळीपेक्षा ते अधिक धोक्याचे! मधुमेह असलेल्यांनी बागेत अनवाणी जाऊ नये.

सुरवंटाचे केस अंगाला लागले तर चोळू नये. चिकटपट्टी हलके दाबून उचलावी, केस तिच्याबरोबर निघतात. मग साबण-पाण्याने जागा धुवावी. डोळ्यात केस गेल्याची शंका आली तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. हे केस डोळ्याच्या आत शिरून दीर्घकाळ दाह करू शकतात. कीटकनाशकाची बाधा झाल्याची शंका येताच त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढून अंग धुवावे, उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली सोबत न्यावी. बाटलीवरचे नाव पाहिल्यावर डॉक्टरांना योग्य उपचार लवकर ठरवता येतो.

परदेशी मुलांकडे गेलात तर

मुलांकडे इंग्लंड-अमेरिकेत काही महिने राहणाऱ्या आई-वडिलांना तिथल्या अंगणातही हे कुळ भेटते, आणि तेथे ते अधिक ठळकपणे दिसते. गुलाबाच्या पानाचा वरचा थर खरवडून पान काचेसारखे पारदर्शक झालेले दिसले, तर पानावर फिकट हिरवी, गोगलगायीसारखी वाटणारी करवती अळी शोधावी. पिवळसर हिरव्या अंगावर काळे ठिपके असलेल्या अळ्या गुलाबाच्या पानाच्या कडेला रांगेने बसून, धक्का लागताच सगळ्या मिळून शेपट्या वर उचलताना दिसल्या, तर तीही याच कुळातली दुसरी जात. चेरी आणि नासपतीच्या पानांवरची चिकट, चकचकीत काळी अळीसुद्धा हिचीच नातेवाईक. चिकट थराखाली तिचे पाय दिसत नाहीत, म्हणून अनेकांना ती गोगलगायच वाटते. उपाय मात्र सगळीकडे तोच. झटकाव्यात, वेचाव्यात, साबणाच्या पाण्यात टाकाव्यात.

सकाळच्या चहानंतर पांढरी बशी, भिंग आणि साबणाच्या पाण्याचे भांडे एवढे साहित्य घेऊन गच्चीवर जावे. आधी केस पाहावेत, मग पाय मोजावेत, आणि जे दिसले ते एका वहीत तारखेसह टिपून ठेवावे. दोन हंगाम सरले की कोणत्या आठवड्यात कोणती अळी येते, हे आपल्या घरच्या वहीतूनच कळू लागेल. पुढच्या हिवाळ्यात मुळ्याचा पाला निर्धास्तपणे पानात वाढता येईल.